बाथरूमची लेव्हल

"अहो, पाणी जात नाहीये!"

सिमेंटचे डाग धुवायला वहिनीने नव्या फरशीवर मगभर पाणी ओतलं होतं. ते पाणी रस्त्यात गाय बसावी तसं मधोमध बसलं. जाळी चार बोटांवर, पण हलायचं नाव नाही.

नवरा दाराबाहेर उलट्या बादलीवर बसलेला. गुडघे गेल्यापासून त्याची जागा तीच. त्याने मान लांब करून आत पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला.

"लेव्हलमध्ये लावलीस की काय?"

"मग? लेव्हलपट्टीतला बुडबुडा बघा, अगदी मधोमध!"

"अगं बाई, हॉलला लेव्हल. बाथरूमला ढाळ!"

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं ती बाहेर माल कालवायची, घमेली वाहायची, आणि आतून फरशी लावताना याचा एकच शब्द ऐकू यायचा, लेव्हल. घरीही तेच. चहा ओतला की, "लेव्हल बघ, माझा कप कमी भरलाय." पोरीने आवाज चढवला की, "लेव्हलमध्ये बोल." मेहुण्याने गाडी घेतली, तर "त्याची लेव्हल वाढली आता." ताप उतरला, तर "आलो बुवा लेव्हलला." आणि आज ती पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फरशी लावायला बसली, तेव्हा हा तोंडात गुळणी धरून बसला!

"ढाळ म्हणायला जीभ झिजली असती का?"

"तूच म्हणालीस, मध्ये बोलू नका."

हे खरं होतं. म्हणून तर ती जास्तच भडकली.

ठेकेदार दुपारी येणार होता. सकाळीच बोलून गेलेला, "ही एक बाथरूम बघतो. जमली तर वरच्या सगळ्या तुमच्या. नाही जमली तर रागावू नका वहिनी, घमेलं आहेच."

"वेळ मागून घेऊ," नवरा म्हणाला.

"तुम्ही मागा. मी नाही."

माल अजून ओला होता. थापीचं टोक घालून तिने पहिली फरशी उचलली. मग दुसरी.

"फुटेल गं!"

"फुटू दे! आधी हसलात ना? आता बघा."

एकही फुटली नाही. तिने खालचा माल खरवडला, जाळीपाशी कमी केला, भिंतींकडे चढवला.

"दाराशी किती घेऊ?"

"बोटभर वर. सगळ्या बाजूंनी जाळीकडे यायला पाहिजे, मांजर दुधाकडे येतं तसं. मी येऊ का आत?"

"गुडघे सांभाळा. दोरीचं टोक धरा फक्त."

त्याने धरलं. दोरी ताणली की तो डोळा बारीक करायचा, ती रबरी हातोडीने फरशी ठोकायची. "अजून. अजून जरा. बास!" घामाने तिचा शर्ट पाठीला चिकटला.

शेवटची फरशी बसली आणि जिन्यात ठेकेदाराचे बूट वाजले. तो सरळ आत शिरायला लागला.

"पाय नका ठेवू! माल ओला आहे!" वहिनी अशी ओरडली, की तो दारातच एका पायावर थांबला. त्याने पाणी मागितलं आणि दारातूनच हळूहळू ओतलं.

पाणी पसरलं. क्षणभर थांबलं. मग दाराकडून, भिंतींकडून, सगळीकडून सुटलं. पलीकडच्या कोपऱ्यात थोडं घुटमळलं. तेही निघालं. जाळीत गुळगुळ झाली आणि फरशी चकचकीत मोकळी.

"गेलं! अहो, गेलं बघा!" तिची आरोळी वरच्या मजल्यावरच्या गवंड्यांनीही ऐकली.

"लेव्हल आहे तुमच्या कामाला," ठेकेदार म्हणाला.

"लेव्हल नाहीये, म्हणूनच तर गेलं!"

तो हसत जिना चढला. वरून त्याची हाक आली, "मिस्त्री, वर या! पुढची बाथरूम बघून घ्या!"

साइटवर त्या हाकेला आजवर एकच माणूस 'ओ' देत आला होता. सवयीने नवऱ्याने गुडघ्यांवर हात टेकले, अर्धा उठला. तसाच थांबला. परत खाली बसला.

"जा," तो म्हणाला. "तुला बोलावतायत."

वहिनीने थापी शर्टाला पुसली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. खाली तो बराच वेळ दोरी गुंडाळत बसला, एकेक वेढा नीट लावत.