सगळं मिळून किती?

“सगळं मिळून किती? ते आधी सांग!”

गोदूअत्याचा हा आवाज कन्नड मुलखातल्या राजाजीनगरच्या त्या गल्लीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घुमायचा. बत्तीस वर्षं झाली त्याला. तांबड्या सिमेंटच्या पायऱ्यांवर चौदा बायका दाटीवाटीनं बसलेल्या असत, मधे तांब्या, तांब्यात चौदा चिठ्ठ्या. भांड्यांची चीटी होती ती. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेले पैसे टाकायचे, जिचं नाव निघेल तिनं त्या पैशांतून रोख भांडं घ्यायचं. भांडेवाला शेट्टी हातगाडी लावून कळशा ठोकून दाखवायचा. “अक्का, तांबं बघा, वजन बघा,” असं सुरू झालं की अत्या हात वर करायची.

“तांबं राहू दे. सगळं मिळून किती?”

शेट्टी आकडा सांगायचा. मग चौदाही बायका तो आकडा मोठ्यानं म्हणायच्या. तसा रिवाजच होता. म्हटल्याशिवाय भांडं गाडीवरून उतरायचं नाही. आणि भांडं उतरलं की अत्या जिची चीटी तिच्या नावानं ओवी म्हणायची:

दिले मोजून गं दाम, नाही कुणाची उधारी
कळशी भाग्यलक्ष्मीची, निजे निवांत शेजारी

बायका हसायच्या, भाग्यलक्ष्मी लाजायची, कळशी उन्हात चमकायची. फक्त अत्याचे भाऊ रघुनंदन, नऊ वर्षांच्या सुमंतचे वडील, त्या दिवशी कधी पायऱ्यांवर येत नसत. फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. का, ते कुणी कधी विचारलं नाही.

आता त्या गल्लीत हातगाडी येत नाही. कळशांची जागा फ्रिजनं घेतली, आणि रोखीची जागा हप्त्यानं. नऊ वर्षांचा सुमंत एक्केचाळीसचा झाला आणि एका मोटारींच्या शोरूममध्ये कर्जाच्या टेबलावर बसू लागला. वाचकहो, ते टेबल तुम्हीही पाहिलं असेल. त्याच्यावर एक पेढ्यांची बशी असते, एक कॅल्क्युलेटर असतो, आणि पलीकडे एक गोड माणूस असतो.

शनिवारी दुपारी त्या टेबलासमोर ज्योतिबा आणि भागुबाई येऊन बसले. निपाणीकडची माणसं, आनेकलला राहून अकरा वर्षं झालेली. ज्योतिबा कामाला होता तो कारखाना मार्चमध्ये बंद पडला होता. भागुबाई भाकऱ्या करून विकायची, रोज दीडशे. त्या भाकऱ्यांतून साठलेले अडीच लाख रुपये तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते. सात जणांची गाडी घ्यायची, बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या लोकांची ने-आण करायची आणि पुन्हा उभं राहायचं, एवढा त्यांचा बेत.

शोरूमचे मॅनेजर शिवकुमार सुमंतच्या कानाशी वाकले. “निम्म जन बंदिद्दारे! तुमची माणसं आलीत. तुम्हीच बोला.” ते नेहमी असंच करत. शहरभर कन्नड, हिंदी, इंग्रजी ऐकून दमलेल्या माणसाला काउंटरमागून मराठी ऐकू आली की तो कागद वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“या अण्णा, बसा. अक्का, स्वल्प कॉफी घ्या,” सुमंत म्हणाला.

ज्योतिबाचा चेहरा उजळला. “अगं, मराठी हाईत! सकाळधरनं तीन दुकानं फिरलो सायेब, निस्ती मुंडी हलवत हुतो. काय कळतंय म्हणता?”

“तुमी गावातबी मुंडीच हलवत हुता,” भागुबाई म्हणाली. तिघंही हसले.

सुमंतनं मग रोजचं सगळं सांगितलं. गाडी साडेनऊ लाखांची. अडीच रोख, सातचं कर्ज, पाच वर्षं, व्याज फक्त साडेनऊ टक्के. हप्ता सतरा हजार दोनशे. सीट कव्हर, पायपुसणी वगैरेचा संच अडतीस हजारांचा, तो त्यातच. विमा इथलाच, तोही त्यातच. बारा हजार ‘हँडलिंग’चे, म्हणजे शोरूमनं गाडी हाताळल्याचे, तेही त्यातच.

“‘त्यातच’ म्हंजे फुकाट?” ज्योतिबानं विचारलं.

“म्हणजे वेगळं द्यावं लागत नाही,” सुमंत म्हणाला, आणि हे म्हणताना त्यानं पेढ्यांची बशी पुढं सरकवली.

ज्योतिबानं पेन उचललं. तेवढ्यात भागुबाईनं बोट कागदाकडे नेलं. तिला अक्षरं जेमतेम यायची, पण आकडे बरोबर समजायचे.

“दादा, हे समदं मिळून किती हुतंय?”

सुमंतच्या कानात हातगाडीवरच्या कळशा वाजल्या! कागदाच्या तळाशी तो आकडा छापलेला होता, बारीक अक्षरात. सुमंतचा हात आपोआप पुढं गेला आणि त्या ओळीवर पडला.

“अक्का, तुम्ही हप्ता बघा. हप्ता परवडतो ना? मग झालं.”

“आपल्या भाषेतला माणूस हाय, इचारतीस काय?” ज्योतिबा बायकोवर डाफरला. तिनं बोट मागं घेतलं. ज्योतिबानं पाच हजार आगाऊ दिले, सह्या मुहूर्त बघून रविवारी सकाळी करायच्या ठरल्या.

सुमंत घरी गेला तेव्हा गोदूअत्या देवापाशी दिवा लावत होती. आता तिला एकोणऐंशी वर्षं झाली होती, पाठ वाकली होती, पण आवाज तोच.

“काय रे, झाकण लावलेल्या डब्यासारखं तोंड का मिटून घेतलंस?”

त्यानं आधी टाळलं, मग सांगितलं. आणि शेवटी चिडून म्हणाला, “मी खोटं काही बोललो नाही अत्या! साडेनऊ टक्के कागदावर लिहिलेलंच आहे.”

“साडेनऊ म्हणजे कसे? समजावून सांग मला.”

“म्हणजे... सात लाखांवर, पाचही वर्षं.”

“पण तो दर महिन्याला स्वल्प स्वल्प परत करतोय की नाही? मग कर्ज कमी होतंय ना?”

“कर्ज कमी होतं. व्याज पूर्ण सातावरच लागतं. बँकेच्या हिशोबानं धरलं तर...” तो थांबला. “साडेसोळा टक्के पडतात.”

अत्या पाटावर बसली. “म्हणजे लग्नाला शंभर ताटं भाड्यानं आणली. ऐंशी परत करून आलो. आणि तो म्हणतो, भाडं शंभराचंच द्या, शेवटचं ताट येईपर्यंत. असंच ना?”

“असंच,” सुमंत म्हणाला.

“आणि तो संच, तो विमा?”

“बाहेर पंधरा हजारांत संच मिळतो. विमाही अठरा हजारांनी स्वस्त. पण सगळीच शोरूम असंच करतात. मी नाही केलं तर दुसरा करील. माझं टेबल जाईल, एवढंच होईल. माझे स्वतःचे हप्ते कोण भरेल?”

अत्यानं दिव्याची वात पुढं सारली. 

“तुला ठाऊक आहे, चीटीत मी शेट्टीला का ओरडायची?”

“तुझा स्वभावच तसा.”

“माझा स्वभाव गप्प बसायचा होता. तेवीस वर्षांची होते, नवरा गेला, माहेरी आले. शिवणयंत्र घेतलं हप्त्यानं. दुकानात त्याची किंमत आठशे. महिना पंचावन्न, चोवीस महिने. विकणारा गोड बोलला, आपल्या भाषेत बोलला. मी काहीच विचारलं नाही. कसं विचारणार? कागद भरणारा माझा सख्खा भाऊ होता.”

“बाबा?”

“रघुअण्णा तेव्हा त्या पेठेतल्या दुकानाचा एजंट होता. वीस हप्ते भरले मी. अकराशे रुपये. मग टायफॉइड झाला, दोन हप्ते चुकले आणि माणसं येऊन यंत्र उचलून घेऊन गेली. खाली पडलेली सुई तेवढी राहिली माझ्याजवळ.”

सुमंतला ते फाटक आठवलं. ती पाठमोरी मान आठवली.

“त्यांना ठाऊक होतं?”

“आकडा त्यानंच लिहिला होता की. पण मी त्याला कधी म्हटलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरला, ‘गोदू’ म्हणाला, ओठ हलले, आणि गप्पच झाला. तेवढं एक वाक्य बोलला असता रे, तर मी हसून सोडून दिलं असतं! एका घरात राहिलो, एका ताटातलं खाल्लं, पण तो आकडा आमच्या दोघांच्या मधे बसून राहिला.” तिनं डोळे पुसले नाहीत. “दुसरा करील म्हणतोस? करू दे. त्या बाईनं तुला विचारलंय, दुसऱ्याला नाही.”

रविवारी सकाळी शोरूममध्ये गर्दी होती. नव्या गाड्यांना हार घातलेले, लिंबं चाकांखाली ठेवलेली. ज्योतिबा नवा सदरा घालून आला होता. भागुबाईनं नारळ आणला होता.

शिवकुमार हसत म्हणाले, “सुमंत, लवकर आटपा. मुहूर्त टळायच्या आधी.”

सुमंतनं पेन दिलं नाही. कागद भागुबाईपुढं फिरवला आणि तळाच्या ओळीखाली जाड रेघ ओढली.

“अक्का, काल तुम्ही विचारलं होतंत. सगळं मिळून बारा लाख ब्याऐंशी हजार पाचशे.”

“काय?” ज्योतिबा उठूनच उभा राहिला. “गाडी तर साडेनऊची म्हणलासा!”

“साडेनऊची. त्यातही त्रेपन्न हजार उगीच चढवलेले. संच घेऊच नका. विमा बाहेर बघा. हँडलिंगचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून सांगा. आणि कर्जासाठी उद्या तुमचं खातं आहे त्या बँकेत जा, घटत्या शिलकेवर, म्हणजे उरलेल्या कर्जावरच, व्याज मागा. पावणेदोन लाख तरी वाचतील. पण बँकेलाही हाच प्रश्न विचारा, अण्णा. मोठ्यानं.”

भागुबाई पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, “बारा लाख ब्याऐंशी हजार पाचशे!” शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघू लागलं. त्यातल्या बाईनं आपल्यापुढचा कागद उचलला आणि विचारलं, “आणि आमचं सगळं मिळून किती?”

शिवकुमारांचं हसू मावळलं. “सुमंत, नंतर केबिनमध्ये या.”

“सरी सर, ठीक आहे, येतो,” सुमंत म्हणाला.  त्या महिन्याचं कमिशन तर गेलंच होतं. टेबल राहील की जाईल, ते केबिनमध्ये कळणार होतं.

वाचकहो, हप्ता हा एका महिन्याचा असतो, कर्ज मात्र कित्येक वर्षांचं असतं. गाडी असो, फ्रिज असो की मुलाचा मोबाईल, सही करण्याआधी शेवटचा आकडा विचारा, आणि विचारायला लाजू नका. समोरचा आपल्या गावचा असला, आपल्या भाषेत बोलत असला, तर दोनदा विचारा. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका!

ज्योतिबानं आगाऊ दिलेले पाच हजार परत मागितले, सुमंतनं पावतीवर तसं लिहून दिलं. ज्योतिबा दारापर्यंत गेला. भागुबाई नारळ घेऊन पुन्हा टेबलापाशी आली. तिनं तो बशीशेजारी ठेवला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला या माणसाला दोषातून सोडवायचंच होतं बहुतेक.

“दादा, काल तुमालाबी ठावं नसंल, न्हवं? घाईत हुता तुमी.”

हो म्हणणं किती सोपं होतं! मान हलवली असती तरी पुरलं असतं. सुमंतला फाटकापाशी रस्त्याकडे बघणारी ती पाठ दिसली.

“ठाऊक होतं, अक्का,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलंत ना, तेव्हा तो आकडा माझ्या हाताखालीच होता. मी झाकला होता.”