साडूपायी तीन कड्या खाली

मी शर्यतीच्या सायकलचं हँडल बोलतोय. हसू नका. माझी आज जी दशा झालीय ती एका साडूपायी.

माझे मालक शिंपी. कपड्याला एक दोरा लोंबताना दिसला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांचे साडू, म्हणजे मालकीणबाईंच्या बहिणीचे यजमान, शाळेत कवायत शिकवतात. गावच्या सायकल शर्यतीत सलग सात वर्षं साडू पुढे, आमचे मालक मागे! वर जेवताना साडू प्रेमाने वाढणार, "खा हो, मागून येणाऱ्याला भूक जास्त." मालकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की हँडल खाली घेतलं की माणूस वाकतो, वारा कमी लागतो आणि सायकल सुसाट जाते. खरंच आहे ते. उभ्या पाइपावर माझ्याखाली तीन कड्या होत्या. सायकलवाल्याने त्या काढून माझ्या वर चढवल्या आणि मी तेवढा खाली आलो. "काका, महिनाभर चालवून बघा," तो म्हणाला. "पाठ कुरकुरली तर कड्या परत खाली घालू."

पण आता माझ्या डोक्यावर पाइपाचा तुकडा वर आलेला. शिंप्याच्या डोळ्याला ते कसं खपणार? घरी येताच त्यांनी करवत काढली.

"अहो, काय कापताय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"जास्तीचं."

"लोकांच्या कपड्यांत चांगली दोन बोटं माया सोडता, आणि इथे?"

"तू गप गं!"

तुकडा खाली पडला. मला वर जायची वाटच बंद. म्हटलं, बोंबला!

शर्यतीत मालक असे वाकले, की नाक माझ्यावर आणि पोट गुडघ्यांवर. पण काय पळालो आम्ही! निम्म्या वाटेत साडूंना मागे टाकलं. घोळ एवढाच झाला, की पाठ तिथेच धरली आणि मान वर होईना. मालकांना दिसत होतं फक्त पुढचं चाक. शेवटची रेघ आली, गेली, यांना पत्ताच नाही. मागून साडू ओरडत सुटले, "अहो थांबा! जिंकलात तुम्ही!" मालकांना वाटलं, हा गाठतोय मला! त्यांनी आणखी जोर लावला. पुढचा चढ येईपर्यंत हा पाठलाग चालला.

शेवटी साडूंनीच त्यांना माझ्यावरून सोडवलं.

"जिंकलो?" मालकांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

"जिंकलात." साडूंचा आवाज बारीक झाला होता.

मालक रडले हो. सात वर्षांचं रडू होतं ते. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आता मालक फळीवर उताणे आणि मी भिंतीला टेकून. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलीय, त्यामुळे माझा काही उपयोग नाही.

काल साडू तब्येत बघायला आले. पाणी प्याले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमची ती करवत दोन दिवस देता का?"

"न्या की! कपाटात, खालच्या कप्प्यात." इतक्या प्रेमाने मालक त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

वाचकहो, साडूंच्या सायकललाही एक हँडल आहे, माझ्याच वयाचं. वाटेत भेटलं तर एवढा निरोप द्या. म्हणावं, गड्या, आहेस तोवर उंचावरून सगळं नीट बघून घे.