धोंडुबाईंची बारी

मी मोडेम. फोन जोडताना शिट्ट्या मारत किंचाळणारा डबा तो मीच. हसू नका. नव्व्याण्णव साली सांगलीत जिनपाल मगदुमांच्या दोन खोल्यांच्या कंपनीत इंटरनेट आलं, ते याच आवाजातून. पहिल्या दिवशी शेजारची मांजर जी पळाली, ती आठवडाभर दिसली नाही.

गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना पुढे जगाशी जोडून द्यायचं, हे माझं काम. तासगावचे व्यापारी बेदाण्याचे भाव पाठवायचे. विट्याच्या धोंडुबाईंचा मुलगा कोइमतूरला सोनं गाळायचा. त्यानंच घरी संगणक आणून ठेवला होता. एका बोटानं टिपून त्या त्याला रोज विचारायच्या, जेवलास का.

जगाकडची वाट मात्र आमची नव्हती. मुंबईची एक बडी कंपनी ती ठोक भावानं विकायची. तिनं मध्येच भाव वाढवला. जिनपालनी जाब विचारला, तशी आमची धार, म्हणजे लाईनचा वेग, करंगळीएवढी झाली. पैसे मात्र भरल्या पाइपाचे. जिनपालनी दिल्लीला दूरसंचार नियामकाकडे तक्रार केली आणि तारखा सुरू झाल्या. एकदा कागद अपुरे, एकदा साहेब बदलले. एकदा तर हा विषय आपल्या अखत्यारीत येतो का, यावरच विचार चालू असल्याचं कळलं.

इकडे गिऱ्हाइकं तुटायला लागली. तेव्हा जिनपालच्या पत्नीनं, कस्तुरीवहिनींनी, माहेरची रीत काढली. पाटाचं पाणी कमी पडलं की बारी, म्हणजे पाळी, लावतात, आणि शेवटच्या टोकाच्या रानाला आधी देतात. म्हणून सकाळची पहिली बारी लांबच्या विट्याची, मग तासगावची, सांगलीकर शेवटी. शेतकऱ्यांची पोरं सगळी, समजावत बसावं लागलं नाही. दोन डॉक्टर कुरकुरले, पण थांबले.

मग बड्या कंपनीचा माणूस आला. तक्रार मागं घ्या, वाढीव भाव कबूल करा, उद्याच लाईन मोकळी करतो म्हणाला. पुढंही धार कमी-जास्त करायचा हक्क कंपनीकडेच राहणार होता. जिनपाल थकले होते. त्यांनी सहीसाठी पेन उघडलं. मी अंगातले सगळे दिवे लावून बसलो होतो, पण मला कोण विचारतो.

"आवं, थांबा," कस्तुरीवहिनी म्हणाल्या. "झळ लोकांनी सोसलीया. त्यास्नी इचारा तरी."

त्यांनी धोंडुबाईंना फोन लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा मोठा केला. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाट फोडणाऱ्यानं एक वाफा भिजवून दिला म्हणून त्याला सोडायचं व्हय रं, जिनपाल? तक्रार हाय तिथं ऱ्हाऊ दे. बेदाण्याचं सौदं सुरू झाल्यात न्हवं? तवर माजी बारी तासगावला दे."

जिनपालनी पेनाला टोपण लावलं. पाहुण्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

दुसऱ्या सकाळी विट्याच्या वेळेला माझी पहिली घंटा तासगावहून वाजली. त्या दिवशी मी जो ओरडलो, तसा पुन्हा कधी ओरडलो नसेन. माझ्याहून वेगवान मोडेम पुण्या-मुंबईत ढिगानं असतील, पण असं गिऱ्हाईक त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आता दोन हजार साल संपत आलंय. धार अजून करंगळीएवढीच, आणि दिल्लीहून पुढची तारीख आलीय. मी आता लवकर तापतो, एक दिवस जळेन. तेव्हा मला भंगारात घालण्याआधी निकाल लागला का, तेवढं बघा. नसेल लागला, तर इथंच फळीवर ठेवा. आमची धार किती होती, ते सांगायला साक्षीदार लागेल.