मेघाईला एसी बसवला, त्याची गोष्ट

रेडिओवरच्या बातम्या संपत आल्या की तो धीरगंभीर आवाज यायचा, "येत्या चोवीस तासांत ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी..." आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा. पोळपाटावर लाटण्याचा ठेका, आणि चाल ओवीची:

खातं म्हणे येईल पाऊस, पापड घाला गच्चीवर,
खातं म्हणे पडेल ऊन, छत्री घ्या गं खांद्यावर!

मी खिदळायचे. बाबा मात्र हसायचे नाहीत. ते उठून खुंटीवरची छत्री काढायचे आणि उद्याच्या डब्याच्या पिशवीशेजारी निमूट ठेवायचे.

आई आता सत्तरीला आली. ठेका तोच आहे. फक्त मधल्या काळात तिला हवामान खात्याहून खात्रीचं ठिकाण सापडलं. मेघाई.

बदलापूर पश्चिमेला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आईबाबांची उल्हासतीर सोसायटी आहे, घर तळमजल्यावर. तिच्या फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये भगवान बुवांनी मेघाई बसवली आणि दोन पावसाळ्यांत सकाळची रांग वडापावच्या गाडीपर्यंत पोचली. काचेच्या मखरात हातभर उंचीची मूर्ती, अंगावर शालू. शालू निळा असला तर दिवस कोरडा, गुलाबी झाला तर पाऊस. आणि हे सगळं डोळ्यांदेखत व्हायचं. निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा गुलाबी, मग शंख, मग एकच कल्लोळ: "लाजली! आई लाजली!"

"पाऊस म्हणजे आईचा धनी," बुवा माइकवरून समजावायचे. "धनी यायचा म्हटल्यावर कोणती बाई लाजणार नाही, माऊली? खात्याकडे सॅटेलाइट आहे म्हणतात. असू द्या. सॅटेलाइटला नवरा आहे का? नाय ना? मग त्याला काय कळणार, कोण कधी घरी येतंय!"

स्टेशनकडे निघालेली पोरं बाइक बंद न करताच ओरडायची, "बॉस, निळी का गुलाबी?"

"गुलाबी!"

"च्यायला, रेनकोट राहिला!"

मी कात्रपच्या शाळेत विज्ञान शिकवते. मला हे पचणं शक्यच नव्हतं. "आई, जुलैत बदलापुरात पाऊस पडेल हे आमची मांजरही सांगेल. त्याला देवी कशाला?"

"हो का? आणि मंगळवारी निळी राहिली, तर कडक ऊन पडलं, ते तुझ्या मांजरीला माहीत होतं का गं?"

इथं मी विषय बदलायचे. कारण देवीचं खरंच बरोबर यायचं. नेहमी नाही, पण बरंचसं. ते मला खुपायचं.

"बाबा, तुम्ही तरी बोला. तीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कंपनीत लॅब सांभाळलीत ना?"

पेपराआडून उत्तर यायचं, "चहा घेणारेस का?"

बाबांचं मौन सात वर्षांचं होतं. ते सुरू झालं तेव्हा बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. रेड अलर्ट आला, तसं त्यांनी तळमजल्यावरच्या आठही घरांचं सामान वरच्या मजल्यांवर चढवायला लावलं. घामाघूम होऊन लोकांनी कपाटं वाहिली. दुसऱ्या दिवशी उल्हासतीरवर लख्ख ऊन! पाऊस पडला होता, पण तो वांगणीच्या पलीकडे डोंगरात. पुढच्याच हळदीकुंकवाला आईनं नवी ओवी बांधली:

सेक्रेटरी म्हणे पूर आला, कपाट चढवा माडीवर,
पूर गेला वांगणीला, कपाट राहिलं पाठीवर!

बायका डोळे पुसून पुसून हसल्या. पुढे आठवडाभर जिन्यात, दुधाच्या रांगेत, पाण्याच्या टाकीशी ती ओवी घुमत होती. बाबांनी सेक्रेटरीपद सोडलं आणि हवामानावर बोलणंही.

या जुलैत आईच्याच पुढाकारानं महिला मंडळानं मेघाईला एसी अर्पण केला.

"काचेत कोंडून बसते बिचारी," आई म्हणाली. "आपल्याला पंख्याखाली उकडतं. तिला नसेल उकडत?"

बुवा जरा चाचरले. "आईला सवय नाही हो, कुंदाताई."

"होईल सवय! मलाही नव्हती. लेकीकडे चार दिवस राहिले, झाली."

शुक्रवारी दुपारी राजू मेकॅनिकनं मखराच्या पाठीला एसी बसवला. "काकू, काचेवर धुकं धरेल. ड्राय मोडवर टाकून ठेवतो. चालूच ठेवा, काय?" बायकांनी एसीलाही हळदकुंकू वाहिलं.

आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. रेड अलर्ट. शनिवारी अतिमुसळधार, नदीकाठच्या लोकांनी उंच जागी जावं.

शनिवारी सकाळी आठला मी रिक्षा घेऊन दारात उभी. आभाळ काळं, पण पाऊस थांबलेला. फाटकाशी जत्रा जमलेली. मखरात मेघाई निळीशार, मोरपिसासारखी.

"आई, पिशवी भर. माझ्याकडे चला दोघं. रेड अलर्ट आहे."

"खात्याचा लाल असेल. आईचा निळा आहे."

"अगं, वर कर्जतकडे रात्रभर कोसळतोय! ते पाणी इथूनच जाणार ना?"

"मीनल, देवी निळी असताना मी घर सोडलं, तर ज्या बायकांना मी तिच्या पायाशी आणलं, त्यांना काय तोंड दाखवू?"

खरी अडचण तीच होती. तळमजल्यावरची आठ घरं आईकडे पाहत होती. कुंदाकाकू हलल्या तरच ती हलणार. शेजारच्या अंजनीमावशी दारातूनच म्हणाल्या, "आमी नाय बा जानार. मागं तुज्या बाबानं आमचं कपाट वर चढवलं, त्याचा दरवाजा आजून लागत नाय!"

बाबा पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

मी तणतणत बाहेर पडले आणि शेडच्या मागे गेले. तिथं बुवांची खोली. खोलीसमोर छोटा टेम्पो. टेम्पोत फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन, आणि सगळ्यांच्या वर, मांडीवर टीव्ही घेऊन बसलेल्या बुवांच्या सासूबाई.

"बुवा, आई तर निळी आहे. मग फ्रिज कुठे चाललाय?"

बुवा दचकले. "हा? हा... सर्व्हिसिंगला."

"आणि गाद्या?"

"त्यापण. उल्हासनगरला एक चांगला माणूस आहे."

"आणि सासूबाई? त्यापण सर्व्हिसिंगला?"

सासूबाई वरून कडाडल्या, "काय खोटं बोलतोस रे भगवान! रेड अलर्ट आला, माझ्या भाच्याच्या चौथ्या मजल्यावर चला, असं काल रात्रीपासून तूच डोकं खातोयस ना!"

हा आवाज माइकशिवाय फाटकापर्यंत गेला. आई आली, अंजनीमावशी आल्या, मागोमाग सगळी रांग आली.

"बुवा," आईचा आवाज एकदम बारीक झाला होता, "तुम्ही खात्याचं ऐकून चाललात? आईला विचारलं नाहीत?"

बुवांनी कपाळावरचा घाम पुसला. मेघाईच्या दरबारातलं पहिलं खरं वाक्य तेव्हा बोललं गेलं.

"कुंदाताई, आईला मीच सांगतो ना."

"म्हणजे?"

"म्हणजे पाचला उठतो. मोबाइलवर खात्याचा अंदाज बघतो. खातं म्हणालं कोरडं, तर मूर्तीमागचा मोठा बल्ब लावतो, त्याच्या धगीनं शालू निळा. खातं म्हणालं पाऊस, तर बल्ब काढतो, तीर्थ शिंपडतो, गुलाबी."

 दोन वर्षं ज्या खात्याला नावं ठेवली, त्याचाच अंदाज सगळे रोज नारळ फोडून, हात जोडून ऐकत होते!

"मंग आज का नाय लाजली?" अंजनीमावशींनी कंबरेवर हात ठेवले.

बुवांचा चेहरा रडकुंडीला आला. "आईशपथ, तीन तांबे तीर्थ शिंपडलं! शिंपडलं की घटकाभर गुलाबी, काच लावली की परत निळी! बल्ब बंद, तरी निळी! मला वाटलं, खरंच कोपली. म्हणून तर... म्हणून तर जास्त घाबरलो!"

आणि तेव्हा मला आमच्या जुन्या स्वयंपाकघरातलं फूल आठवलं. कागदी, बाबांनी बनवलेलं, गॅसजवळच्या खिळ्याला अडकवलेलं. "पाऊस येणार असेल तर हे गुलाबी होतं," बाबा सांगायचे. पण ते कायम निळंच राहिलं. शेगडीच्या धगीत त्याला ओल मिळणार कुठून?

मी शेडमध्ये गेले, एसी बंद केला आणि मखराची काच सताड उघडली. नदीवरून ओला वारा येत होता, चिखलाचा, ओल्या गवताचा वास घेऊन.

"थांबा आता. काही करू नका. मंत्र नको, तीर्थ नको."

पाच मिनिटं. दहा. शालूच्या काठावर जांभळी रेघ उमटली. मग ती चढत गेली, निऱ्यांवरून पदरावर, आणि हवेनं हवेचं काम केलं. शालू गुलाबी झाला.

"बघा!" मी वळून माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले. "हवा दमट असली की हे कापड गुलाबी होतं. एसीनं हवा कोरडी केली होती, म्हणून..."

"लाजली!" मागून कुणीतरी किंचाळलं. "आई लाजली! पळा!"

माझं वाक्य तसंच हवेत राहिलं. पाच मिनिटांत आठ घरांत भांडी, गाद्या, सिलिंडर, पोरं यांची पळापळ सुरू झाली. अंजनीमावशींचं कपाट पुन्हा जिना चढू लागलं. बुवांचा टेम्पो वळेपर्यंत रस्त्यावर पाणी आलं होतं, त्यामुळे तोही फ्रिज आमच्याच तिसऱ्या मजल्यावर आला, मागोमाग सासूबाई. कात्रपला जायची रिक्षा तर केव्हाच पळाली होती.

मी बाबांना आणायला घरात गेले. ते दाराशी तयार उभे. दारामागून त्यांनी पिशवी काढली. औषधं, घराची कागदपत्रं, आईचा चष्मा, दोघांचे दोन जोड. वर छत्री.

"ही कधी भरलीत?"

"काल संध्याकाळी."

"आणि आईनं ऐकलं नसतं तर?"

"तर इथंच बसलो असतो. तिच्याबरोबर." त्यांनी हे अगदी साधं सांगितलं आणि छत्री काढून काखेत मारली.

साडेबाराला पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, आभाळच सांडलं. तीनपर्यंत उल्हास नदी फाटकातून आत आली, शेडचा पत्रा घेऊन गेली, आणि चारला आईबाबांच्या खिडकीच्या गजांतून गढूळ लाटा आत बाहेर करू लागल्या. सगळी सोसायटी जिन्यात पायऱ्यापायऱ्यांवर बसली होती. माणसं सगळी होती. आईनं दोनदा मोजली.

बुवा मूर्ती मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. अंजनीमावशींनी मूर्तीला हात जोडले. "आई लाजली म्हून वाचलो बाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उभे राहिले. सात वर्षांनी. कठड्याला धरून, सेक्रेटरीसारखे.

"अंजनीबाई, आई नाही लाजली. तो कोबाल्ट क्लोराइडचा रंग आहे. कोरड्यात निळा, दमटात गुलाबी. भगवान माझ्या लॅबमध्ये बाटल्या धुवायचा. पोरासारखा होता. त्याला ती पूड मीच दिली होती, तुझ्या लेकीला फूल करून दे म्हणून. पहिल्याच दिवशी मी शालू ओळखला."

बुवांनी मान खाली घातली. "साहेब, शेडमध्ये तुम्ही दिसलात की मला दरदरून घाम फुटायचा."

"आणि एक सांगतो," बाबा म्हणाले. "देवीला हात जोडायचे त्यांनी जोडा, माझी ना नाही. पण पावसाचं तिला विचारू नका. कापडाला ओल कळते, ओल म्हणजे इथली, आत्ताची. वर डोंगरात रात्रभर किती कोसळलं, ते पाणी इथं कधी येणार, हे कापडाला कळत नाही. त्यासाठी जागजागी माणसं बसलेली असतात, रडार असतं, नदीवर खुणा असतात. त्यांचा अंदाज म्हणजे वचन नव्हे. कधी चुकेल, कधी आपल्याला सोडून वांगणीला बरसेल. चुकला, तर एक कपाट उगाच उचललं. बरोबर निघाला आणि आपण उचललं नाही, तर?"

खाली पाण्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला.  अंजनीमावशींनी कपाटाच्या न लागणाऱ्या दारावर हलकेच हात ठेवला.

आई दोन पायऱ्या खाली बसली होती. तिनं वर पाहिलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीनल इतकी विनवायची. अहो, मग बोलला का नाहीत?"

बाबांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरली.

"बोलणार होतो. मग ती कपाटाची ओवी आठवायची. सगळी सोसायटी हसली, त्याचं मला काही वाटलं नव्हतं गं. तू हसलीस, कुंदा."