खुर्चीखालचा हिरवा पट्टा

मित्रांनो, मी व्यायामाचा एक जुना रबरी पट्टा आहे. रंगाने हिरवा आणि स्वभावाने जरा तापट. आमच्यासारखे पट्टे कपाटात सापडतात, नाहीतर पलंगाखाली. मी मात्र कित्येक महिने एका खुर्चीच्या बुडाखाली पिनांनी ठोकलेला होतो आणि येईल तो माझ्यावर बसत होता. आता सांगा, तापट होणार नाही तर काय होणार?

माझा जन्म कारखान्यात झाला. झाडाच्या चिकाचे रबर झाले, रबराची पातळ लादी झाली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि घडी घालून खोक्यात भरल्या. खोक्यावर एका पिळदार माणसाचे चित्र होते. तो मला ओढतो आहे याचा मला फार अभिमान वाटे.

मला विकत घेणाऱ्या बाई सोफे आणि खुर्च्या मढवत. खाली दुकान, वर घर. नवरा लाकूड आणि फोम बघे. कापड ताणून पिना मारण्याचे काम बाईंचे. त्यांनी मढवलेल्या सोफ्यावर सुरकुती शोधून दाखवा, असे गिऱ्हाईकच म्हणे. पण वजन फार वाढले, गुडघे कुरकुरू लागले आणि डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. त्याआधी अंगात थोडी ताकद हवी, म्हणून मी घरात आलो. खिडकीच्या गजाला बांधून बाई मला रोज ओढत. घामाघूम होत, मला शिव्या देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढत. ते माझे सुखाचे दिवस होते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही आठवडे जड उचलायचे नाही, ओढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ते बरोबरच होते. मी दुकानातल्या खुंटीवर वाट पाहत राहिलो. एके दिवशी नवऱ्याने गिऱ्हाइकांना बसायची खुर्ची दुरुस्तीला काढली, आणि बैठकीखाली लावायच्या ताणपट्ट्या नेमक्या संपलेल्या. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे गाढव मी ठरलो. धडाधड पिना बसल्या, वर फोम आला, त्यावर कापड आले आणि माझा उजेड बंद झाला.

बाई बारीक होत गेल्या. लोक माझ्यावर ऐसपैस बसून त्यांचे कौतुक करू लागले. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आता व्यायाम सुरू करा, चरबीबरोबर स्नायूही झडलेत. बाईंनी मला घरभर शोधले.

"असेल इथंच कुठंतरी," नवरा म्हणाला. "सापडेल."

मी तेव्हा त्याच्याच बुडाखाली होतो, मित्रांनो.

नवऱ्याच्या आत्याबाई शेजारीच राहतात. त्या म्हणाल्या, "आता कशाला गं व्यायाम, सूनबाई? वजन उतरलं ना? गंगेत घोडं न्हालं." सगळ्यांचे मत तेच. पाण्याची बादली मुलगी उचले, दुकानाचे शटर नवरा उघडे. कापड ताणताना बाईंची बोटे घसरत. त्या वर गेल्या, की नवरा मुकाट्याने त्यांच्या पिना उपसून कापड पुन्हा ताणे. मायेनेच करत होता बिचारा, पण मला त्याचा संताप येई.

मग एकदा तो म्हणाला, "तू आता गिऱ्हाइकांना नुसती कापडं दाखवत जा. ओढाताणीचं मी बघतो." सगळे आयुष्य ज्या कामात गेले, ते काम असे गोड बोलून काढून घेतले जात होते. बाईंनी कापडाचे नमुने पुढे ओढले. मी काय बोलणार, मला तोंड कुठे आहे?

शेवटी मीच हरलो. आत्याबाई नेहमीसारख्या दाणकन बसल्या, माझ्या दोन पिना सुटल्या आणि बैठक खाली गेली. "वजन हिचं उतरलं आणि खुर्ची माझ्याखाली बसली," त्या म्हणाल्या. नवरा लगबगीने पुढे झाला.

"राहू द्या. मी बघते," बाई म्हणाल्या.

"अगं, जड आहे ती."

"अहो, हात लावू नका."

त्यांनी खुर्ची कलती केली. ती निम्म्यावरून परत आली आणि बाई तिच्यासकट खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दुखण्याचे नव्हे, रागाचे. पुन्हा उठल्या, गुडघा लावला, खुर्ची आडवी केली आणि मग उलटी. खालचे फाटके अस्तर ओढले आणि त्यांना मी दिसलो.

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिले.

"ताणपट्ट्या संपल्या होत्या गं," नवरा म्हणाला. "मला वाटलं, वजन उतरल्यावर तुला हा कशाला लागतोय."

"वजनासाठी कुठं मागत होते हो मी? मला कापड ताणता येत नाही. माझ्या पिना तुम्ही मागून उपसता, ते काय मला कळत नाही?"

नवऱ्याची मान खाली गेली. बाईंनी पक्कड घेऊन मला सोडवले आणि खिडकीच्या गजाला बांधले. पूर्वी हातभर ताणत, आता वीतभरही नाही. इतके दिवस पडून मीही कडक झालो होतो. पुढच्या ओढीला पिनेच्या भोकापाशी टरकन फाटलो. वाटले, संपले. त्यांनी कात्रीने फाटका तुकडा कापून टाकला, उरलेल्याला गाठ मारली आणि पुन्हा ओढू लागल्या.

मित्रांनो, मी आता फार काळ टिकणार नाही, म्हणून एकच मागणे मागतो. दुखण्यातून उठलेल्या माणसाला जरूर जपा. पण त्याच्या हातातले काम काढून घेण्याआधी, त्याला काय करता यायला हवे आहे, ते विचारा. आणि विचारल्यावर ऐका.

आमची खुर्ची अजून उलटीच आहे. बाई रोज तिच्यावर कापड ताणून बघतात, अजून सैल पडते. नवरा दोन्ही हात खिशात कोंबून शेजारी उभा असतो, आणि बाई आपल्या पिना आपणच उपसतात.