मुळ्याचा पाला

बाजारात त्यांना सगळे मुकेबुवा म्हणत. संसारातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. शेताच्या तुकड्यात भाजी यांची, फुलं तिची, अशी चाळीस वर्षांची वाटणी. ती जाऊन महिना झाला. मुकेबुवा सहाला उठत, पाणी सोडत, भाजी काढत, पुढ्यात येईल ते खात. ते रडतील म्हणून सगळे वाट बघत होते. तेही बघत होते.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने कडेच्या वाफ्यात निळ्या फुलांचं बी पेरलं होतं. ते तिच्या आईचं बी. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी पुढच्या सालासाठी धरून ठेवायचं. या खेपेला डबीत एक दाणाही मागे ठेवला नव्हता. हे बी रुजायला सहा-सात आठवडे घेतं, म्हणून ओळ ओळखू यावी यासाठी ती त्यात मुळा पेरायची. तो चार दिवसांत वर येतो. पण मुळा ती कधी काढत नसे. नुसता पाला कापून जुड्या विकायची आणि मुळा मातीतच कुजू द्यायची. मुकेबुवांना तो तिचा हट्ट वाटे. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

आज त्यांनी मुळा उपटायला घेतला. पांढरे, टणक मुळे. निम्मी ओळ झाली आणि मेहुणी चहा घेऊन आली. ती महिनाभर इथेच होती.

"भावोजी! हे काय चाललंय?"

"मुळा काढतोय."

"अहो, उपटताय काय? त्याच्याबरोबर माती वर येते. शेजारचं बी उघडं पडून वाळून जातं. म्हणून तर ताई पाला कापायची!"

मुकेबुवांनी हातातल्या मुळ्याकडे पाहिलं. मुळाशी चिकटलेल्या मातीत काळे, बारीक दाणे होते. तीन. चार.

"चाळीस वर्षं एका शेतात राबलात ना?"

"ती तिकडे असायची. मी इकडे."

"पाठीला पाठ लावून संसार केलात म्हणायचा!" मेहुणी हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मुकेबुवांनी चहा प्यायला. चहात साखर नव्हती हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात टिलरवाला आला. कोबीची रोपं ट्रेमध्ये लांबट होत चालली होती, म्हणून वाफा नांगरायला त्याला त्यांनीच बोलावलं होतं.

"बोला मुकेबुवा! म्हणजे, बोलू नका, नुसतं दाखवा. कुठवर फिरवू?"

"सगळाच फिरव," मेहुणी म्हणाली. "निम्मं तर उपटलंच, आता काय राहिलंय त्यात? भावोजी, फिरवू दे ना?"

"बरं," मुकेबुवा म्हणाले. महिनाभर ते सगळ्यालाच बरं म्हणत होते. टिलर सुरू झाला. उपटलेल्या निम्म्या भागातून तो निघाला आणि पाला उभा होता तिथे पोचला, तेव्हा मुकेबुवा ओळीत जाऊन उभे राहिले. टिलरवाल्याने यंत्र बंद केलं.

"इथवरच का?"

त्यांनी मान डोलावली.

त्या दुपारी तिची कात्री शोधून त्यांनी उरलेला पाला कापला. नांगरलेल्या भागात कोबी लावला. मेहुणी आपल्या घरी गेली.

पेरणीनंतरच्या सातव्या आठवड्यात राखलेल्या ओळीत अकरा रोपं दिसली. दोन-दोन पानं, कडेला बारीक दाते. कोबीच्या भागात मात्र तण माजलं होतं. मुकेबुवा खुरपं घेऊन बसले आणि थांबले. टिलरने विखुरलेलं बी यातच कुठेतरी असणार. त्याचा कोंब कसा दिसतो, हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

ते उठले, अकरातल्या एका रोपाचं पान खुडलं आणि तळहातावर ठेवून कोबीत परत आले. एकेक कोंब पानाशी ताडून पाहायचा. नसेल तर उपटायचा, असेल तर शेजारी काडी रोवायची. दुपारपर्यंत नऊ काड्या झाल्या. तळहातावरचं पान सुकलं, तेव्हा जाऊन दुसरं आणलं.

खिशातला फोन वाजला. मेहुणी होती.

"कसे आहात? रडलात का एकदा तरी?"

"नाही," ते म्हणाले. "तण काढतोय."

आणि त्यांनी दहावी काडी रोवली.