मार लागू देऊ नका

पट्टा राखीच्या पाठीवर दुसऱ्यांदा पडला, तशी चांगुणा तव्यावरची भाकरी सोडून धावली आणि लेकीच्या अंगावर पालथी पडली.

उकंडरावाचा हात वरच थांबला. गेले कित्येक महिने तो बायकोपाशी असाच थांबत होता. चांगुणाच्या पायाच्या शिरेत गाठ झाली, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याच्यादेखत म्हणाल्या, ‘यांना मार लागू देऊ नका. रक्त थांबणार नाही, जीव जाईल.’ बाईंना पडणं-झडणं म्हणायचं होतं. उकंडरावानं मात्र त्याच्या ओळखीचा मारच ऐकला. बायको मेली तर तुरुंग, एवढं त्याला कळत होतं. दर महिन्याला रक्त तपासायला तो तिला गाडीवर बसवून मोताळ्याला नेई आणि गोळी कधी बंद होणार म्हणून विचारी. नर्स म्हणे, नवरा असावा तर असा! चांगुणाला हसू यायचं आणि त्याहून जास्त संताप.

पण शिवशिवणारा हात रिकामा थोडाच राहतो? तो राखीवर पडू लागला. तेव्हापासून पट्टा निघाला की चांगुणा मध्ये जायची.

मागच्या महिन्यात तो बाहेर तंबाखू मळत होता, तेव्हा बाईंनी हसत सांगितलं की गाठ विरघळली, गोळी आजपासून बंद.  बाहेर येऊन चांगुणा नवऱ्याला म्हणाली, “जन्मभर घ्या लागते म्हणे.” तेव्हापासून रोज जेवणानंतर ती त्याच्यासमोर शक्तीची गोळी गिळत होती.

“बाजूले सरक,” उकंडराव म्हणाला.

“मारा नं. माह्यं रगत थांबत नसते, मालूम हाये नं तुमाले?”

त्याचं डोकं फिरलं. पट्ट्याचं बक्कल सणकन तिच्या भुवईवर बसलं. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून गळ्यापर्यंत आलं. ते पाहून उकंडरावाचं अवसान गळालं. पट्टा टाकून तो भिंतीला टेकून खाली बसला.

“राखे, पाह्य नं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “थांबलं काय?”

राखीनं ओढणीचा बोळा दाबून धरला होता. रक्त थांबत आलं होतं, चारचौघांचं थांबतं तसंच. चांगुणानं लेकीचा हात हळूच दूर केला, पदर कपाळावर ओढला आणि पदराआड आपलं नख त्या चिरेत रुतवलं. पदर पुन्हा भिजू लागला.

“नाई थांबत,” ती म्हणाली.